जुनी गाडी सारखी गरम होतीये, काम करून पण परत तेच? मग या क्रमानं शोधा (आणि घ्यायच्या आधी पण हेच बघा)

मार्च संपत आला की हा प्रश्न सुरू होतो. कुणीतरी दीड-दोन लाखात जुनी अल्टो, वॅगनार, सँट्रो, इंडिका असं काहीतरी घेतलेलं असतं, हिवाळाभर गाडी मस्त चाललेली असते, घरचे पण खूश असतात, आणि एप्रिलमधे लातूरहून नांदेडला नाहीतर बीडहून संभाजीनगरला चार माणसं बसवून एसी लावून निघालं की अर्ध्या रस्त्यात टेंपरेचरचा काटा वर. मग कुठल्यातरी ढाब्यावर थांबायचं, बाटलीतलं पाणी टाकायचं, कसंबसं गाव गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं. मिस्त्री थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) काढून टाकतो, आठ दिवस ठीक. परत गरम. मग फॅन डायरेक्ट करतो, म्हणजे सरळ वायर जोडून सतत चालू, पंधरा दिवस ठीक. मे मधे सांगतो हेडचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) काम निघालं.

यात दरवेळी गाडीच बेकार असते असं नाही. गरम होण्याचं मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं, नुसता काटा खाली आणायचा उपाय केलेला असतो, आणि तसाच उपाय आधीच्या मालकानं पण केलेला असतो आणि त्याच्या आधीच्यानं पण. स्वस्तातल्या गाडीबरोबर हे सगळे जुगाड आपल्याला पदरात पडतात. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, आपल्या मराठवाड्यात जुनी गाडी भरवशाची आहे का नाही ते किलोमीटर बघून ठरवू नका, पेंट बघून तर अजिबातच नको, तिचं पाणी बघून ठरवा. मीटर मागं करता येतं, पॉलिश मारता येतं, पण रेडिएटरमधे, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळीत, सात-आठ वर्षं काय ओतलं ते एका दिवसात लपवता येत नाही. लपवायचा प्रयत्न केला तरी खुणा राहतात, त्या पुढं सांगतो.

आधी बघा, गरम कधी होते

पार्ट बदलायच्या आधी हे एवढं नीट बघितलं तरी अर्धं काम झालं. मिस्त्रीला नुसतं "गाडी गरम होतीये" सांगितलं तर तो अंदाजानंच काम करणार, त्याचा पण दोष नाही.

गाडी उभी असताना, सिग्नलला, बाजारात, लग्नाच्या वरातीमागं रांगताना गरम होते, पण हायवेला लागून साठच्या पुढं गेली की काटा आपोआप खाली येतो, असं असेल तर हवेचं दुखणं आहे. वेग असला की हवा समोरून आपसूक येते, नसला की फॅननं ओढावी लागते, मग फॅन, फॅनची मोटर, रिले, फ्यूज, टेंपरेचर सेन्सर इथं बघायचं. आणि जाळी. जाळीकडं कुणीच बघत नाही. समोर एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागं रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत काय काय अडकलेलं असतं ते एकदा बॅटरी लावून बघा. परभणी, सेलू, जालना भागात जिनिंगचा सीझन असला की कापसाचे तंतू, ऊसवाल्या पट्ट्यात पाचटाची धूळ, आणि पावसाळ्यात उडालेली काळी माती तिथं वाळून पक्की बसलेली. बाहेरून जाळी चकाचक दिसते पण मधे भिंत झालेली असते. ती धुताना इंजिनच्या बाजूनं बाहेर असं हलक्या धारेनं धुवायची, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून मारलं तर पात्या वाकतात आणि हवा आणखीनच बंद होते.

उलटं असेल, म्हणजे गावात दिवसभर फिरवा काही नाही, पण समृद्धीवर शंभर-एकशेदहानं अर्धा तास पळवली किंवा बीडकडून मांजरसुंब्याचा घाट नाहीतर चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढायला घेतला की गरम, तर ते पाण्याचं दुखणं. हवा तर भरपूर येतीये, मग पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली, किंवा खालचा होज पाइप नरम पडलाय आणि पंपानं ओढलं की चपटा होतोय. हा शेवटचा प्रकार लवकर सापडत नाही कारण गाडी उभी करून बोनेट उघडेपर्यंत पाइप परत गोल झालेला असतो. बोनेट उघडं ठेवून दुसऱ्याला रेस द्यायला सांगा आणि लांबून पाइपावर नजर ठेवा. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून ह्या दुखण्याच्या गाड्या जास्तच उघड्या पडायला लागल्या, कारण त्याच्या आधी आपल्याकडच्या रस्त्यांवर जुनी गाडी सलग तासभर त्या वेगानं पळायचीच नाही.

तिसरा प्रकार, सकाळी थंड गाडी चालू केली आणि पाच-सात मिनिटांतच काटा वर. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, आत पाणीच नाही, हवा धरलीये, नाहीतर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या मधलं पॅकिंग) गेलंय. यात गाडी चालवायचीच नाही, टो करा.

चौथा, काटा कायम नॉर्मल पण दर दोन-चार दिवसाला पाणी कमी. ह्याला लोक किरकोळ समजतात आणि वरून पाणी टाकत राहतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त गाड्या ह्याच सवयीनं मरतात.

ज्यांच्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा आहे, त्यांनी तर फार जपायला पाहिजे, कारण लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गाडी २०१३ च्या नंतरची असेल तर ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर घ्या, स्टेअरिंगच्या खालच्या पोर्टमधे लागतो आणि मोबाईलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, खरं तापमान दाखवतो. ८५ ते १०० च्या मधे वर-खाली होत असेल तर बहुतेक गाड्यांना चिंता नाही. १०५ च्या पुढं चढतच राहिलं तर थांबायचं.

बोअरचं पाणी

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण आणि पाणी खोल बोअरचं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच थर इंजिनच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि रेडिएटरच्या नळ्या एवढ्या अरुंद की थोडा थर आला तरी निम्मं पाणी अडतं. शिवाय साधं पाणी लोखंडाला गंज आणतं आणि अॅल्युमिनियम पण खातं. कूलंट फक्त थंड प्रदेशात बर्फ होऊ नये म्हणून असतं, आपल्याला काय गरज, असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत, पण कूलंटमधली गंज रोखणारी रसायनं आणि उकळबिंदू वाढणं हे आपल्यालाच जास्त लागतं. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, तशा दिवसांत टँकरचं जे मिळेल ते पाणी गाडीत गेलं तर कुणाला दोष देता येत नाही, पण त्या काळातल्या गाड्या आज सेकंडहँड बाजारात आहेत हे घेणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं.

आमच्या गल्लीत एक जिल्हा परिषदेचे मास्तर आहेत, त्यांची पुणे पासिंगची जुनी वॅगनार. घेतल्यापासून दर उन्हाळ्यात हाच त्रास. थर्मोस्टॅट काढून झाला, फॅन मोटर नवी झाली, शेवटी एका गॅरेजवाल्यानं हेड उतरवायला सांगितलं आणि वीस हजाराच्या वर एस्टिमेट दिलं. मास्तर म्हणले, "भाऊ, एकदा तुम्ही बघा, मग देतो टाकून." सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी गाळ घोटलेल्या चहासारखं. तोंडाच्या कडेला पांढऱ्या खपल्या, नखानं काढल्या तर वाळूसारख्या करकर वाजत होत्या. आणि झाकणाच्या रबराखाली पिवळट लगदा, ती हळद. लिकेज बंद करायला रेडिएटरमधे हळद टाकायचा जुगाड कुणीतरी आधी केलेला. हळदीनं बारीक भोक बुजतं खरं, पण बाकीच्या नळ्या पण बुजतात. मग गाडी गरम करून बंद केली, बॅटरीचं टर्मिनल काढलं (बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावर पण फॅन अचानक चालू होतो, बोटं जातील), आणि फॅनच्या बाजूनं रेडिएटरला जपून हात लावत गेलो. वरचा भाग चटका बसेल एवढा गरम आणि खालचा एक कोपरा चक्क कोमट. तिथून पाणी जातच नव्हतं. हेडला काहीही झालेलं नव्हतं. नवीन रेडिएटर, नवीन थर्मोस्टॅट, नवीन झाकण, तीनदा फ्लश (आतून पाण्यानं धुणं) आणि कूलंट, एवढ्यात काम झालं आणि हेडच्या एस्टिमेटच्या निम्म्यात झालं. मूळ कारण काय निघालं तर प्लॅस्टिक टाकी आणि जाळीच्या जोडावर एक बारीक लिकेज, तिथं हिरवट-पांढरा डाग धरलेला, त्याच्यापायी रोज बोअरचं पाणी भरलं गेलं आणि त्या पाण्यानं रेडिएटर गेला.

फ्लश करताना एक सांगतो. काही ठिकाणी तेजाब (अॅसिड) टाकून रेडिएटर साफ करतात. पूर्वीच्या पितळ-तांब्याच्या रेडिएटरला टाक्या उघडून सळी मारता यायची, कोअर बदलता यायचा, तो जमाना वेगळा होता. आताच्यांत जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, त्यात तेजाब टाकलं की क्षारांबरोबर धातू पण खाऊन टाकतं आणि महिन्याभरात दहा ठिकाणी पाझर. जास्त चोक असेल तर नवीन टाका. थोडाच गाळ असेल तर बॅटरीत टाकायच्या डिस्टिल पाण्यानं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत परत परत फ्लश करा. भरताना रेडीमिक्स कूलंट, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल पाणी निम्मं-निम्मं. हिरवं, लाल, गुलाबी एकत्र करू नका, आणि रंगावर पण जाऊ नका, गाडीच्या मॅन्युअलमधे जो प्रकार सांगितलाय तोच डब्यावर आहे का बघा, वेगळे प्रकार मिसळले की कधीकधी आत जेलीसारखा चोथा होतो. आणि भरल्यावर हवा काढल्याशिवाय काम संपलं असं धरू नका. गाडीचं तोंड थोडं चढावर करायचं, हीटर फुल गरमवर ठेवायचा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करायचं आणि पाणी खाली जाईल तसं भरत राहायचं. पाणी फुगून वर यायला लागलं की झाकण लावून टाका आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. आत हवा राहिली तर नवीन रेडिएटर टाकूनही गाडी गरम होते, आणि मग पार्ट डुप्लिकेट दिला म्हणून भांडणं.

थर्मोस्टॅट काढणं आणि फॅन डायरेक्ट करणं

हे दोन उपाय आपल्याकडं एवढे रूढ झालेत की लोक ह्यांना रिपेअरी समजतात. थर्मोस्टॅट हा एक झडप आहे, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत पाणी इंजिनमधेच फिरवतो म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. काढून टाकला की गाडी हिवाळ्यात गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पिते, ऑइल लवकर खराब होतं. आणि जर खराबी रेडिएटरमधे असेल तर थर्मोस्टॅट काढून चार दिवस बरं वाटतं, एवढंच. खरंच अडकला असेल तर नवीन टाका, छोट्या गाडीचा फार महाग नसतो. टाकायच्या आधी पातेल्यात पाणी उकळवून त्यात सोडून बघा, उघडताना डोळ्यांनी दिसतो.

फॅन डायरेक्ट म्हणजे सेन्सर-रिले सोडून देऊन बॅटरीवरून किंवा चावीवरून सरळ वायर, नाहीतर डॅशबोर्डखाली एक बटण. ह्यात फॅन विनाकारण सतत चालतो, मोटर लवकर जळते आणि जळली की तुम्हाला कळत नाही, कारण तुम्ही निश्चिंत असता. बऱ्याचदा खराबी फक्त सेन्सरची किंवा रिलेची असते, काही शे रुपयांची. साधी टेस्ट: एसी चालू करा, फॅन लागला तर मोटर आणि वायरिंग ठीक आहे, बंद-चालू करणारा सेन्सर बघा. (बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतोच.)

झाकण

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं टोपण नाही, त्यात स्प्रिंग असते आणि ती आत दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ चं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, कूलंट असेल तर त्याच्याही वर. स्प्रिंग ढिली किंवा रबर चिरलेलं असलं की शंभरलाच उकळ्या, पाणी रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीत फेकलं जातं, बाटली भरून सांडते, आणि ते बघून सांगतात हेड गेलं. म्हणून हेड उतरवायच्या आधी झाकण बदला. त्याच आकड्याचं घ्या, जास्त दाबाचं लावलं तर जुनी प्लॅस्टिकची टाकी फुटते.

आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका. फडकं धरून पण नको. दाबातलं पाणी उघडल्याबरोबर वाफ होऊन तोंडावर येतं, ह्यानं भाजलेली माणसं मी बघितलीत. रेडिएटरचा वरचा पाइप हातानं सहज दबेल एवढा थंड झाला की मगच.

हेड गॅस्केट खरंच गेलंय का

हे घाईघाईनं ठरवायचं नाही आणि टाळायचं पण नाही. थंड गाडी, झाकण काढलेलं, चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येतो तो हवेचा, पण सतत, रेस दिली की जास्त, सोड्यासारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण, सकाळी थंड चालू केल्यावर झाकण लावलेलं असताना एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, एवढ्या लवकर तापमानानं दाब येऊच शकत नाही. तिसरी, इंजिन गरम झाल्यावर पण सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि त्याला गोडसर वास. चौथी, ऑइल मोजायच्या काडीवर दुधाळ ऑइल. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडी मलई दिसली तर घाबरू नका, गावातल्या गावात छोटं अंतर फिरणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत ती येते, काडी बघा. शंका राहिली तर चांगल्या गॅरेजमधे निळ्या केमिकलची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, गॅस असला की निळं पिवळं होतं. ती करून घ्या आणि मग हेड उतरवायला हो म्हणा. उतरवलंच तर लेथवाल्याकडं फेसिंग (हेडची बसायची बाजू सपाट करणं) आणि प्रेशर टेस्ट दोन्ही करा, नुसतं गॅस्केट बदलून वाकडं हेड परत बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

गॅस किटवाल्या गाड्यांचं थोडं वेगळं. सीएनजी, एलपीजीचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला कूलंटच्या पाइपाला टी लावून पाणी तिकडं फिरवलेलं असतं. म्हणजे तीन-चार जोड जास्तीचे, आणि ते जुन्या क्लिपांनी आवळलेले. पाणी कमी होतंय आणि कुठं दिसत नाही, तर आधी तिथं बघा. आणि शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं, चिकट असेल तर हीटरची जाळी लीक.

रस्त्यात काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर आणि त्याचा ब्लोअर फुल (मे महिन्यात अवघड जातं पण इंजिनची बरीच उष्णता तो काढून घेतो), डावीकडं सावलीत थांबा. फॅन फिरत असेल आणि पाणी सांडत नसेल तर दोन मिनिटं स्लोवर चालू ठेवा. काटा खाली आला नाही, किंवा फॅन बंद असेल, वाफ निघत असेल तर लगेच बंद. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी मारू नका, अॅल्युमिनियमचं हेड तडकतं किंवा वाकतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

घ्यायच्या आधी

आता हेच सगळं टोकन द्यायच्या आधी करायचं. बघायला जाताना फोनवरच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात. गरम असेल तर चहा पिऊन गप्पा मारून या, किंवा उद्या सकाळी जा, पण थंड असतानाच झाकण उघडा. पाणी गढूळ असेल तर कळलंच. पण पाणी एकदम ताजं हिरवंगार आणि झाकणाच्या आतली बाजू, तोंडाची कड गंजलेली, खपल्या धरलेली असेल तर विकायच्या आदल्या दिवशी फ्लश मारलाय. इंजिन बे डिझेल-शाम्पूनं धुऊन चमकवलेली असेल तर लिकेजचे डाग धुतलेत असं समजून एकदा वीस किलोमीटर पळवून परत बघा. डॅशखाली जास्तीचं बटण, बॅटरीवरून टेप मारलेली वायर फॅनकडं, चावी फिरवल्याबरोबर एसी बंद असताना पण फॅन घुरघुर करायला लागला, की फॅन डायरेक्ट आहे आणि गाडीला गरम व्हायचा इतिहास आहे. (गॅसच्या गाडीत पेट्रोल-गॅसचं बटण असतं, ते वेगळं.)

मग भर दुपारी एसी लावून पंचवीस-तीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. मालक कुरकुर करेल, करू द्या. काटा मधे येऊन थांबला पाहिजे. एसी बंद केल्यावर फॅन लागायला-बंद व्हायला पाहिजे. नंतर हायवेला वीस-तीस किलोमीटर, जवळ घाट असेल तर घाट. येऊन बंद करा, दहा मिनिटांनी परत चालू करा, गरम असताना लगेच लागली पाहिजे. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाण्याची लेव्हल. दीड लाख देणार आहोत तर दोन चकरा मारायला काही हरकत नाही, आणि जो विकणारा थंड गाडी दाखवायलाच तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मीटरवर विश्वास ठेवायचा नसेल तर ब्रेक पेडलचं रबर, स्टेअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची कड बघा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून जुनी नोंद विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा, पाच-सहा वर्षं जुन्या टायरवर उन्हाळ्यात समृद्धीवर जाऊ नका, नक्षी कितीही असो. पुराच्या गाड्या ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ बघा, कार्पेट उचलून नटांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. २०१९ आणि २०२१ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरातल्या, आणि आता सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडंच एवढा पाऊस झाला त्यातल्या पण, स्वस्तात फिरत असणार. हैदराबाद, दिल्लीकडच्या गाड्या कमी किमतीत दिसतात, पण एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स आणि नवीन नंबर ह्याचा हिशोब आधी मांडा. कर्जाचा बोजा, चलनं, आधी टॅक्सी होती का, हे एमपरिवहनवर आणि आरसीवर दिसतं. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आली असेल तर फिटनेस आणि रिन्यूअल, कारसाठी १ एप्रिल २०२२ पासून रिन्यूअलची फी ५००० झालीये, ग्रीन टॅक्स वेगळा. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन नाव लगेच बदलून घ्या, इन्शुरन्स पण १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर.

कुठली गाडी घेऊ असं विचाराल तर ज्या गाडीचा रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप तुमच्या तालुक्याच्या गावात त्याच दिवशी मिळतो ती घ्या. मारुती ८०० बनायची २०१४ ला बंद झाली तरी तिचे पार्ट आजही मिळतात. आणि वरच्या टेस्टमधे नुसता रेडिएटर चोक निघाला, फॅन डायरेक्ट निघाला, पण बुडबुडे नाहीत, पाइप कडक होत नाही, काडीवरचं ऑइल साफ आहे, तर गाडी सोडायची गरज नाही, रेडिएटर-थर्मोस्टॅट-फॅन वायरिंगचा खर्च रेडिएटरवाल्याकडून लिहून आणा आणि तेवढे पैसे सरळ किमतीतून कमी करून मागा, बहुतेक मालक देतात कारण त्यांना पण ते माहीत असतं. बुडबुडे दिसले तर मात्र मालक कितीही कमी करायला तयार झाला तरी त्या दिवशी टोकन न देता परत या.